पालिकेची एकच सेवा सुधारायची आहे? मग पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते सविस्तर

तुमच्याकडे पालिकेतल्या एखाद्या सेवेची जबाबदारी आली आहे असं धरून चालतो. जन्मदाखले असतील, नळजोडणी असेल, कचरा, रस्त्यावरचे दिवे, खड्डे, काहीही असो. अधिकारी म्हणून आली असेल नाहीतर निवडून आलेले म्हणून. वरून सगळ्यांचं एकच म्हणणं, सुधारा. आणि मग बहुतेक ठिकाणी होतं काय तर आधी एक ॲप येतं, त्याचं उद्घाटन होतं, एक हेल्पलाईन नंबर छापला जातो, नव्याचे नऊ दिवस संपतात आणि खिडकीसमोरची रांग होती तेवढीच राहते.

माझं मत सरळ आहे. सेवा वाईट असते कारण काम मध्येच कुठेतरी पडून राहतं. करणारी माणसं नालायक असतात म्हणून नाही, म्हणजे असतात काही, पण त्यांच्यापर्यंत नंतर येऊ. काम कुठे पडून राहतंय ते शोधायचं, ती जागा मोकळी करायची आणि ती परत तुंबली नाही ना हे दर आठवड्याला जाऊन बघायचं. पुढचं सगळं या एवढ्यासाठीच आहे.

आधी सेवा नीट निवडा आणि तिच्या हद्दी ठरवा

निवडायचं स्वातंत्र्य असेल तर अशी सेवा घ्या जी रोज भरपूर वेळा दिली जाते आणि जिचे बरेचसे टप्पे तुमच्याच विभागात आहेत. बांधकाम परवाना सगळ्यांना खुणावतो कारण ओरड तिथे जास्त असते, पण त्यात अग्निशमन, झाडं, पाणी, कधी पालिकेबाहेरचीही खाती येतात, पहिल्याच खेपेला तिथे हात घातलात तर वर्ष ना-हरकतींच्या मागे पळण्यात जाईल. बंद दिवे दुरुस्त करणं, दाखले, नवीन नळजोडणी हे सुरुवातीला बरं. संख्या मोठी असली की बदल लवकर दिसतो, चुकलं तरी लवकर कळतं.

मग हद्द ठरवायची, आणि ती नागरिकाच्या बाजूने. विभागाच्या दृष्टीने नळजोडणीचं काम मंजुरीचं पत्र गेलं की संपतं. अर्जदाराच्या दृष्टीने नळाला पाणी आलं की संपतं. या दोन्हीत कधी कधी महिन्यांचं अंतर असतं आणि ते कुणाच्याच रिपोर्टमध्ये नसतं. म्हणून एका कागदावर लिहून काढा की घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं. अर्ज पहिल्यांदा खिडकीवर आला तेव्हा सुरू, 'पूर्ण कागद मिळाले तेव्हा' नव्हे. हे वाक्य पहिल्याच मीटिंगमध्ये भांडणाचं कारण होणार आहे, होऊ द्या.

अधिकार तोंडी घेऊ नका

'तुम्ही करा हो, मी आहे' असं आयुक्त किंवा महापौर म्हणाले म्हणजे काहीच झालं नाही. लेखी आदेश घ्या, एका पानाचाच, पण त्यात या गोष्टी असू द्या: फॉर्म आणि कागदपत्रांची यादी बदलायचा अधिकार, विभागातल्या लोकांची कामं आपसात बदलायचा अधिकार, किरकोळ खर्चाची मर्यादा, आणि सगळी नोंदवही व सॉफ्टवेअरमधला डेटा बघायची परवानगी. शिवाय वरच्या माणसाची दर पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची वेळ, डायरीत पक्की केलेली. ही शेवटची गोष्ट मिळत नसेल तर मी म्हणेन काम सुरूच करू नका, कारण दुसऱ्या विभागाशी अडलेलं प्रत्येक प्रकरण शेवटी तिथेच सुटतं.

कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या पाणीपुरवठ्याची गोष्ट या क्षेत्रात नेहमी निघते. १९९३ मध्ये 'एक सोन चान' (हे त्यांचं पूर्ण नाव) तिथे प्रमुख झाले तेव्हा शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी साधारण ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता, गळती, चोरी, चुकीची बिलं, सगळं त्यात. २०१० च्या आसपास हे प्रमाण ६ टक्क्यांजवळ आलं होतं. यात त्यांचा खमकेपणा होताच, पण १९९६ मध्ये त्या संस्थेला आर्थिक आणि प्रशासकीय स्वायत्तता मिळाली, स्वतःचा पैसा स्वतः वापरता येऊ लागला, हा भाग लोक सांगायला विसरतात. नुसत्या जिद्दीवर एवढं होत नाही, हातात काहीतरी असावं लागतं.

टीम छोटी ठेवा, पाच-सहा जण. त्यात खिडकीवर बसणारा एक क्लार्क, फील्डवरचा एक मुकादम किंवा लाईनमन, लेखा विभागातला एक जण आणि डेटा काढून देणारा एक जण हवाच हवा. सगळेच साहेब असतील तर चर्चा छान होईल, बाकी काही नाही.

आता प्रत्यक्ष बघा, आणि इथे घाई करू नका

हा टप्पा लोक उरकून टाकतात. एक प्रेझेंटेशन मागवतात, त्यात फ्लोचार्ट असतो, अर्ज आला, छाननी, मंजुरी, वितरण, किती सोपं. खरं चित्र फाईलींमध्ये असतं.

असं करा. गेल्या काही महिन्यांत निकाली निघालेली ३० प्रकरणं रजिस्टरमधून काढा, निवडून नाही, दर विसावं किंवा दर पन्नासावं असं. त्यांच्यासोबत अजून अडकलेली २० घ्या, त्यातली निदान पाच सर्वात जुनी. प्रत्येक फाईलवर ज्या ज्या तारखा आहेत, आवक शिक्का, टिपणी, सह्या, पत्र, साईटची भेट, त्या सगळ्या एका शीटमध्ये ओळीने मांडा. मग दोन गोष्टी वेगळ्या काढा, कागदावर कुणीतरी खरोखर काम करत होतं तो वेळ आणि कागद नुसता टेबलावर पडून होता तो वेळ. बहुतेक वेळा दिसतं असं की प्रत्यक्ष काम तास-दोन तासांचं आणि बाकीचे सगळे दिवस फाईल कुणाची तरी वाट बघत बसलेली. 'आमच्याकडे स्टाफ कमी आहे' हे वाक्य यानंतर जरा वेगळं ऐकू येतं. कमी असतोही, पण पडून राहिलेल्या दिवसांचं कारण बहुतेकदा दुसरंच असतं, साहेब आठवड्यातून एकदाच सह्या करतात, साईटला जायला गाडी फक्त मंगळवारी मिळते, चलन भरल्याची खबर लेखा विभागाकडून आठ दिवसांनी येते वगैरे.

मग खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसा, सकाळी उघडल्यापासून. आलेल्या प्रत्येक माणसासमोर एक खूण करायची: नवीन काम घेऊन आलाय, की आधीच्याच कामाचं काय झालं विचारायला आलाय, की कागद परत केला म्हणून पुन्हा आलाय. दुसरी आणि तिसरी रांग ही पालिकेने स्वतःच तयार केलेली गर्दी आहे, काम वेळेत झालं असतं किंवा पहिल्यांदाच नीट सांगितलं असतं तर ही माणसं आलीच नसती. ही गर्दी निम्म्याच्या आसपास निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. लोक खेटे घालतात ते खेटे क्लार्कचाही दिवस खातात, आणि म्हणून नवीन काम आणखी मागे पडतं, असं ते चक्र.

फील्डची सेवा असेल तर गँगबरोबर एक पूर्ण पाळी काढा. गाडी किती वाजता यायची होती आणि किती वाजता आली, सामान स्टोअरमधून निघायला किती वेळ गेला, पत्ता सापडायला किती, परत का जावं लागलं. 'तुमच्या अडचणी काय' असं विचारू नका, ठरलेली उत्तरं मिळतात. 'काल सकाळपासून काय काय केलंत ते सांगा' असं विचारा आणि मध्ये बोलू नका.

तक्रारींची सेवा असेल तर आणखी एक. बंद झालेल्या २०-२५ तक्रारी काढा आणि त्या लोकांना फोन लावा. 'कार्यवाही केली' एवढा शेरा मारून किती तक्रारी बंद झाल्यात आणि प्रत्यक्षात दिवा अजून बंदच आहे हे एका दुपारीत कळतं. कागदी घोडे किती नाचतायत ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि यादी. ग्राहकांची, मालमत्तांची, दिव्यांच्या खांबांची जी काही मूळ यादी आहे ती खरी आहे का? नॉम पेन्हमध्ये सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं ते घरोघर जाऊन ग्राहकांची यादी तपासणं, कारण कुणाला पाणी मिळत होतं पण यादीत नाव नव्हतं, आणि कुणाचं नाव होतं पण जोडणीच नव्हती. यादी चुकीची असेल तर पुढचे सगळे टक्के हवेत.

एक छोटं गणित, पण फार कामाचं

समजा तुमच्याकडे ६०० अर्ज पडून आहेत आणि विभाग दिवसाला ३० निकाली काढतो. आज आलेल्या अर्जाला रांगेनेच जायचं तर २० कामाचे दिवस लागणारच. रांगेशास्त्रात याला लिटल्स लॉ म्हणतात, पण नाव माहीत नसलं तरी चालेल. आता तुम्ही कितीही कडक परिपत्रक काढा की १० दिवसांत दाखला द्या, ते होणार नाही, गणितातच बसत नाही. मग क्लार्क काय करतो, आजचे सोपे अर्ज आधी काढतो म्हणजे आकडा चांगला दिसतो, आणि जुने तसेच सडतात.

शिवाय रोज नवीन ३० येत असतील तर ते ६०० कधीच कमी होणार नाहीत. रोज १० जादा निघाले तर ६० कामाच्या दिवसांत साफ. म्हणजे बॅकलॉग ही वेगळी मोहीम आहे, रोजच्या कामात मिसळायची नाही. दोन-तीन माणसांची वेगळी तुकडी करा, जुन्यात जुनं आधी. आधी चाळणी लावा, त्यातले बरेच अर्ज मेलेले असतात, माणसाने दुसरीकडून काम करून घेतलेलं असतं, दोनदा अर्ज केलेला असतो, घर विकलेलं असतं. पण न विचारता बंद करू नका, मेसेज-पत्र पाठवा, ठराविक दिवस थांबा, मगच. उरलेले निपटवा. या काळात नवीन अर्ज नवीन पद्धतीने आणि वेळेत, म्हणजे निदान मागे आणखी ढीग साचणार नाही.

आकडा एक, राखणदार दोन

पंधरा निर्देशांकांचा डॅशबोर्ड कुणी बघत नाही. एक मुख्य आकडा घ्या, साधारणपणे 'घड्याळ सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचे दिवस'. पण सरासरी घेऊ नका. दहा अर्जांपैकी नऊ ४ दिवसांत झाले आणि एक ९४ दिवस अडकला तर सरासरी १३ येते, आणि १३ दिवस तर एकालाही लागलेले नाहीत. मीडियन घ्या, म्हणजे सगळे ओळीत लावल्यावर मधला येतो तो, आणि सोबत 'दहातल्या नऊ जणांचं काम किती दिवसांच्या आत झालं' हे. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, त्रास झालेली माणसं त्याच्या पलीकडे असतात.

राखणदार आकडे अशासाठी की कुठल्याही आकड्याला फसवता येतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी 'त्रुटी' काढून फाईल परत करणं हा सगळ्यात जुना उपाय, घड्याळ शून्यावर येतं आणि रेकॉर्ड स्वच्छ. म्हणून त्रुटीसाठी परत गेलेल्यांचं प्रमाण मोजा, आणि बंद केल्यावर पुन्हा उघडलेल्या तक्रारींचं. मुख्य आकडा सुधारतोय आणि हे दोन वाढतायत असं दिसलं की समजा काहीतरी शिजतंय.

नागरिकांना द्यायचं वचन, सनद म्हणा, हे सगळं मोजून झाल्यावर ठरवा. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये सिटिझन्स चार्टर आला आणि मग जगभर कार्यालयांच्या भिंतींवर मुदतींचे तक्ते लागले. अशा तक्त्यांची अडचण एवढीच असते की आकडे टेबलावर बसून लिहिलेले असतात, आजची अवस्था काय आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

कामाचा रस्ता बदलणं

आता हात घालायचा. क्रम असा ठेवा: आधी पायऱ्या काढून टाका, मग उरलेल्या सोप्या करा, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर सात सह्यांची फाईल सात लॉगिनची होते, आणि आता त्या सात जणांपैकी एकाचा पासवर्डही विसरलेला असतो.

प्रत्येक सहीसमोर एकच प्रश्न, ही सही करणाऱ्याने गेल्या वर्षात कितीदा 'नाही' म्हटलं? कधीच नसेल तर ती सही म्हणजे नुसता थांबा आहे. प्रत्येक कागदपत्रासमोर प्रश्न, याच्यामुळे कुठला निर्णय बदलतो? पालिकेकडेच असलेला कागद नागरिकाकडून परत मागितला जात असेल, म्हणजे स्वतःच दिलेली कर भरल्याची पावती वगैरे, तर तो आधी उडवा. कायद्यात खरंच लिहिलेलं काय आणि 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' काय हे वेगळं करायला विधी विभागाचा माणूस तासभर बसवा, यादीतला बराच भाग दुसऱ्या प्रकारातला निघतो.

छाननी खिडकीवरच करा, अर्ज घेतानाच, आणि कमी असलेलं सगळं एकाच वेळी लेखी सांगा. एक त्रुटी आज, दुसरी पुढच्या आठवड्यात हे बंद. यासाठी खिडकीवर नवशिका बसवायची पद्धत सोडून सगळ्यात जाणकार माणूस बसवावा लागतो. लोक नाखूश होतात कारण खिडकी म्हणजे शिक्षा असं समजलं जातं, तर त्यांना तिथे बसवण्याबरोबर तिथेच साध्या प्रकरणांत मंजुरीचा अधिकारही द्या. मग ती शिक्षा राहत नाही.

सगळ्या प्रकरणांना एकच वागणूक नको. साधी, कमी जोखमीची प्रकरणं लगेच द्या आणि त्यातली काही नंतर अचानक तपासा, गुंतागुंतीची अनुभवी माणसाकडे. साईटची भेट सगळ्यांना लागते का हेही विचारा.

अधिकार खाली देण्याचं सुरतचं उदाहरण आपल्या जवळचं. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहराच्या सहा झोनमधल्या अधिकाऱ्यांना आयुक्तांचे बरेचसे अधिकार दिले, खर्चाचे सुद्धा, आणि अधिकाऱ्यांनी रोज सकाळी फील्डवर जायचं असं ठरलं, स्वतःही गेले. या दोन गोष्टी एकत्र होत्या म्हणून चाललं असं मला वाटतं. नुसतं फील्डवर पाठवलं आणि निर्णय मुख्यालयातच राहिला तर माणूस फक्त ऊन खाऊन परत येतो. नुसता अधिकार दिला आणि माणूस ऑफिसातच बसला तर तो कशाच्या आधारावर वापरणार.

फील्डच्या सेवांमध्ये सामान हा असा विषय आहे ज्याच्याबद्दल कुणाला बोलायचं नसतं. दिवे दुरुस्त होत नाहीत कारण बल्ब, फिटिंग, वायर स्टोअरमध्ये नाही, आणि ते नाही कारण रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेल्या दराने खरेदीचा करार, संपलंय आणि नवीन टेंडर लेखा विभागात. सर्वात जास्त लागणाऱ्या दहा-बारा वस्तूंची यादी करा, प्रत्येकीचा किमान साठा ठरवा, त्याच्या खाली गेला की मागणी आपोआप निघाली पाहिजे. एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या ॲपने पडत नाही.

आणि मग ऑनलाईन. दक्षिण कोरियाच्या राजधानीने, सोलने, १९९९ मध्ये ओपन नावाची व्यवस्था सुरू केली, त्यात परवान्यांसारख्या अर्जांची फाईल कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाकडे आहे हे नागरिकाला इंटरनेटवर दिसायला लागलं. उद्देश भ्रष्टाचार कमी करणं. फाईल कुणाकडे किती दिवस आहे हे सगळ्यांना दिसलं की 'बघतो, करतो' ची किंमत घटते. तुम्हाला मोठी यंत्रणा परवडत नसेल तर टप्पा बदलला की एसएमएस, एवढ्यानेही चौकशीची रांग पातळ होते.

माणसं, युनियन, एजंट

खालच्या माणसांना बदल हा वरून आलेला त्रास वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. म्हणून पहिले एक-दोन बदल असे करा ज्यांनी त्यांचाच दिवस सोपा होईल. डबल रजिस्टर बंद करा, गँगला हातमोजे आणि चालू स्थितीतली गाडी द्या, खिडकीवर पंखा लावा. मग आकड्यांबद्दल बोला. युनियनला आराखडा ठरल्यावर बोलवू नका, आधी बोलवा, आणि एक गोष्ट लेखी द्या की वेळ वाचला म्हणून नोकरी जाणार नाही. हे तुम्हाला देता येत नसेल तर वाचलेला वेळ कुणी दाखवणारच नाही.

एजंट का असतात हे समजून घ्या. एजंट वेळ विकतो. रांग लांब आणि नियम धूसर असले की त्याला भाव, रांग छोटी आणि नियम खिडकीवर लिहिलेले असले की उतरतो. नुसता 'एजंटांपासून सावध राहा' बोर्ड लावून काही होत नाही. त्याचा हिस्सा आत कुणाला जातो हेही हळूहळू दिसेल, कारण बदल सुरू झाला की एखाद-दुसऱ्या टेबलाचा विरोध जरा जास्तच तात्त्विक होतो. त्या माणसाशी जाहीर भांडण नको, फाईलींचं वाटप आपोआप करा, जी आली ती पुढच्या मोकळ्या टेबलाला, कुठली कुणाकडे जाईल हे आधी कळलं नाही पाहिजे.

चांगल्याला बक्षीस आणि वाईटाला परिणाम, दोन्ही लागतात. नॉम पेन्हमध्ये पगार वाढवले, प्रोत्साहनं दिली आणि लबाडी करणाऱ्यांवर कारवाईही केली. मोठ्या, वजनदार थकबाकीदारांकडूनही वसुली केली, त्यामुळे लहान ग्राहकांनी भरलं. तुमच्याकडे पगार वाढवणं हातात नसतं, पण पाळ्या, बदल्यांची शिफारस, प्रशिक्षण, चार लोकांत नाव घेणं हे असतं.

ठेकेदार असेल तर करार वाचा, खरंच वाचा. पैसे कशाचे मिळतायत? गाड्यांच्या फेऱ्यांचे मिळत असतील तर फेऱ्या होतील, कचरा उचलला जाईलच असं नाही. वजनाचे मिळत असतील तर माती-दगडही वजनात येतील. मुदतीत करार बदलता येत नसेल तर निदान बिलाआधी अचानक ठिकाणं निवडून तपासणी आणि तिचा निकाल बिलाला जोडणं हे बहुतेक करारांत बसतं.

आधी एका वॉर्डात

सगळ्या शहरात एकदम नको. एक वॉर्ड घ्या, सहा ते आठ आठवडे, मध्यम अडचणीचा. सगळ्यात सोपा घेतलात तर बाकीचे म्हणतील तिथे काय, तिथे होणारच. जादा माणसं, जादा गाड्या देऊन यश दाखवायचा मोह होतो, तो टाळा, कारण पुढे सगळीकडे ते देता येणार नाही आणि प्रयोग तिथेच मरेल. सुरू करायच्या आधी लिहून ठेवा की कुठला आकडा किती झाला तर पुढे जायचं. पुढे जातानाही पहिल्या वॉर्डातलीच माणसं दुसऱ्या वॉर्डात शिकवायला पाठवा, क्लार्कचं क्लार्क ऐकतो, सल्लागाराचं ऐकत नाही.

आठवड्याची मीटिंग

मला विचाराल तर अख्ख्या सुधारणेत एकच गोष्ट टिकवायची असेल तर ही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २००० साली महापौर मार्टिन ओमॅली यांनी सिटीस्टॅट नावाची आढावा बैठक सुरू केली. मूळ कल्पना न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९४ च्या कॉम्पस्टॅटची, म्हणजे गुन्ह्यांचे आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारायच्या पद्धतीची. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने दर दोन आठवड्यांनी ताज्या आकड्यांसमोर उभं राहायचं, ओव्हरटाईम, गैरहजेरी, तक्रारी, आणि मागच्या वेळी जे ठरलं त्याचं काय झालं ते सांगायचं. खड्डा ४८ तासांत बुजवायचं वचन तिथलंच. नंतर अनेक शहरांनी नक्कल केली, त्यात मोठे स्क्रीन आले, खोली आली, पण पाठपुरावा आला नाही, मग ती पडली.

तुमची मीटिंग ४५ मिनिटांची, दर आठवड्याला, एकाच वारी, एकाच वेळी. आधी मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टी, झाली की नाही एवढंच. मग मुख्य आकडा आणि दोन राखणदार, वॉर्डनिहाय. मग सर्वात जुन्या पाच प्रकरणांची नावानिशी चर्चा, घोडं नेमकं कुठे अडलंय. शेवटी दोन-तीन निर्णय, प्रत्येकासमोर माणूस आणि तारीख, आणि त्याच दिवशी एका पानाचं टिपण सगळ्यांना. झापाझापी करू नका. पहिल्या मीटिंगमध्ये खरा वाईट आकडा आणणाऱ्याला झापलंत तर दुसऱ्या मीटिंगपासून सगळे आकडे सुंदर येतील. झापायचंच असेल तर आकडा लपवणाऱ्याला. लेखा आणि स्टोअरचा माणूस रोजच्या भानगडीत नसला तरी मीटिंगला हवा, निम्मी टोलवाटोलवी तो समोर बसला की थांबते.

नगरसेवक आणि लोक

नगरसेवकांना ही सुधारणा आपल्या हातातलं काम काढून घेतेय असं वाटू शकतं, कारण अडलेलं काम करून देणं यावर त्यांचं बरंच चालतं. त्यांना दर आठवड्याला त्यांच्या वॉर्डाची यादी द्या, किती आले, किती झाले, कुठले अडलेत आणि का. ते लोकांना सांगायला त्यांना आवडतं, आणि मग फोन 'माझ्या माणसाचं करा' ऐवजी 'वॉर्डातले हे सात का राहिलेत' असा येतो. सगळ्यांचा येईल असं नाही.

जाहिरात उशिरा करा. तीन-चार महिने आकडा टिकला की मग.

लोकांचं मत विचारायचं तर बेंगळुरूचं रिपोर्ट कार्ड बघा, १९९४ मध्ये तिथल्या नागरिकांना पाणी, वीज, पालिका वगैरे सेवांबद्दल पद्धतशीर विचारून विभागवार निकाल जाहीर केले, लाच द्यावी लागली का हेही विचारलं. पुन्हा १९९९ आणि २००३ ला तेच केलं. परत परत करण्यातच त्याची ताकद होती, एकदाच्या सर्व्हेची बातमी दोन दिवस चालते. तुम्ही छोट्या प्रमाणावर करा, दर महिन्याला काम झालेल्या ५० जणांना फोन, पाच प्रश्न, आणि फोन करणारा त्या विभागातला नसावा.

तुमची बदली होणार आहे, हे धरून चाला

ती तारीख तुम्हाला माहीत नाही एवढंच. म्हणून सहाव्या महिन्यापासून जे जे तुमच्या आग्रहावर चाललंय ते कागदावर न्यायला लागा. नवीन फॉर्म आणि कमी केलेल्या सह्या कार्यालयीन आदेशात, शक्य असेल तर सभागृहाच्या ठरावात. सामानाचा किमान साठा बजेटच्या स्वतंत्र शीर्षकात. खिडकीवर जाणकार माणूस हे त्या पदाच्या कामाच्या तक्त्यात. आठवड्याची मीटिंग तुमच्या नंतरच्या नंबरच्या माणसाने घ्यायला सुरुवात करायची, तुम्ही नुसतं बसायचं, आणि मग एखाद्या आठवड्याला मुद्दाम जायचं नाही. ती झाली का, टिपण निघालं का ते बघा. नाही निघालं तर अजून काम बाकी आहे.

आकडे दर महिन्याला पालिकेच्या वेबसाईटवर आणि खिडकीबाहेरच्या बोर्डवर लावायची पद्धत पाडा, वाईट महिना असला तरी. एकदा लोकांना आणि वार्ताहरांना त्याची सवय लागली की पुढच्या साहेबांना तो बोर्ड काढणं जरा अवघड जातं.

आणि नवीन माणसाला चार्ज देताना फाईलींचा गठ्ठा देऊ नका. सर्वात जुन्या पाच प्रकरणांची यादी, मागच्या चार मीटिंगची टिपणं आणि कुठल्या टेबलावर काम अजून पडून राहतं त्याची नावाशिवाय माहिती, एवढं द्या, आणि जमलं तर पहिल्या दिवशी त्यांना घेऊन दोन तास खिडकीशेजारी बसा.